बक्कल कव्हरखाली होतं: महापे ते घोडबंदर, रात्रपाळीच्या एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यावर महापे ते ऐरोली या पट्ट्यात रात्री दीड-दोनच्या सुमाराला पिवळ्या पाटीच्या पांढऱ्या गाड्या एकामागून एक जाताना दिसतात. कंपन्यांच्या दुसऱ्या पाळीतली माणसं घरी निघालेली असतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती लागते आणि दारापर्यंत सोडायची सोयही करावी लागते. त्यामुळे इथे गाड्या पुरवणाऱ्यांचा धंदा मोठा आहे.

हे प्रकरण अशाच एका पुरवठादाराचं आहे. त्याच्याकडे २२ गाड्या होत्या. बहुतेक सात आसनी, दोन-तीन सेडान आणि एक जुनी जीप. मालकाला सगळे शेठ म्हणतात, मीही तेच म्हणेन. महाप्याच्या एका कंपनीचं पिकअप-ड्रॉपचं काम त्यांच्याकडे होतं. ज्यांच्यापासून हे सुरू झालं ते चालक काका बावन्न वर्षांचे, मूळ जुन्नरकडचे, राहायला विटाव्यात. सव्वीस वर्षं गाडी चालवतायत. मी ठाणे आणि नवी मुंबईत चालकांसाठी रस्ता सुरक्षेचे वर्ग घेते. काका माझ्या वर्गात दोनदा बसलेले होते, म्हणून त्यांनी मला फोन केला. नावं आणि ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत.

त्या रात्री काय झालं

पावणेदोनला गाडी कंपनीच्या गेटातून निघाली. आत पाच जण. एक ऐरोलीला उतरली. उरलेले चौघे कळवा आणि पुढे घोडबंदर रोडचे. पुढच्या सीटवर एक मुलगा, मधल्या रांगेत दोन मुली, तिसऱ्या रांगेत एक मुलगा. पुढे बसलेल्याने बेल्ट लावला होता, कारण न लावला तर गाडी टुंग टुंग करत राहते. मागच्या तिघांनी लावला नव्हता. तिघंही झोपेत होते.

दिघा ओलांडल्यावर मधल्या लेनमध्ये एक टेम्पो बंद पडून उभा होता. मागचा दिवा नाही, मागे त्रिकोण ठेवलेला नाही. काकांनी ब्रेक मारला. वेग पन्नासच्या आसपास होता. गाडी जवळजवळ थांबलीच, बंपर टेम्पोला टेकला आणि काच तडकली. बाहेरून पाहिलं तर किरकोळ अपघात.

आत मात्र मधल्या रांगेतली, चालकामागे बसलेली मुलगी पुढच्या सीटच्या हेडरेस्टच्या लोखंडी दांड्यांवर तोंडावर आपटली. वरचे दोन दात तुटले, ओठाला टाके पडले. तिसऱ्या रांगेतला मुलगा मधल्या सीटच्या पाठीवर फेकला गेला आणि त्याचं मनगट मोडलं. मधल्या रांगेतल्या दुसऱ्या मुलीला खांद्याला मुका मार. काकांच्या आणि पुढच्या मुलाच्या छातीवर बेल्टचा तिरपा लाल वळ उठला होता, बाकी काही नाही. गाडी तीच, ब्रेक तोच. पुढे बेल्ट होता आणि मागे नव्हता, एवढाच फरक.

पोलीस आले, नोंद झाली. पुढे गाडीवर बेल्टचं चलन आलं. शेठनी काकांना सांगितलं, "चलन तुमच्या पगारातून जाणार, आणि त्या मुलीच्या दातांचा अर्धा खर्चही." काकांनी दुसऱ्या दिवशी चावी टेबलावर ठेवली आणि ते घरी गेले.

फोनवर ते मला म्हणाले, "मॅडम, मी बेल्ट लावा म्हटलं होतं. गेटवरच म्हटलं होतं. पण बेल्ट होता कुठे?"

प्रश्न नेमका कुठे होता

हे वाक्य ऐकून मी शेठना विचारून रविवारी सगळ्या गाड्या पार्किंगमध्ये उभ्या करायला लावल्या. पहिल्याच गाडीचा मागचा दरवाजा उघडला आणि मधल्या सीटवर बसून बेल्ट ओढला. पट्टा आला, जीभ हातात आली. ती अडकवायची कुठे? सीटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसलग रेक्झिनचं कव्हर, मध्ये एकही फट नाही. बक्कल कव्हरच्या खाली, गादीत दाबलेलं. कडेने कव्हर उचलून हात घातला तर बिस्किटाचा चुरा लागला, केसांची एक क्लिप आणि दहाचं नाणं लागलं, आणि त्यांच्या खाली, गार आणि कोरं, बक्कल. गाडी तीन वर्षं जुनी होती. त्या बक्कलात आजवर एकदाही जीभ शिरली नसावी, इतकं ते नवं होतं.

२२ गाड्यांपैकी मागच्या सगळ्या आसनांचे बेल्ट लावता येतील अशा गाड्या तीन निघाल्या. बाकीच्यांत कुठे बक्कल कव्हरखाली, कुठे तिसऱ्या रांगेचा पट्टा सीट उघडताना मागेच अडकलेला. एका गाडीत पट्टा उंदरांनी कुरतडलेला होता. ती पावसाळ्यात दोन आठवडे उभीच होती. नऊ गाड्यांत पुढच्या प्रवाशाच्या बक्कलात डमी क्लिप खोचलेली सापडली, म्हणजे बेल्ट न लावता घंटी बंद करणारी ती लोखंडी पट्टी. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने २०२३ मध्ये पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या आणि तेरा हजारांवर जाहिराती हटवल्या गेल्या. आमच्या हातातल्या नऊ क्लिपा त्या आधीच्या असतील किंवा कोपऱ्यावरच्या ॲक्सेसरीवाल्याकडच्या असतील. चालक म्हणाले, पाचशे रुपयांत कव्हर घेतलं की क्लिप फुकट मिळते.

आता कव्हर का घालतात हेही सांगायला हवं. गाडी दिवसाला तीन पाळ्यांची माणसं वाहते. कुणी चहा सांडतं, कुणाला उलटी होते, पावसाळ्यात सगळे भिजून येतात. मूळ कापडी सीट खराब झाली की विकताना भाव पडतो. शेठचं ते गणित चुकीचं नव्हतं. पण कव्हर शिवणाऱ्याला बेल्टबद्दल कुणी काही सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही, आणि गाडी ताब्यात घेताना मागे बसून बेल्ट लावून पाहणारं कुणी नव्हतं. सात वर्षं वर्ग घेते आहे मी, पण या रविवारपर्यंत एकाही चालकाला मागचा दरवाजा उघडून दाखवायला सांगितलं नव्हतं.

दुसरा प्रश्न याहून अवघड होता. चालकाने प्रवाशाला बेल्ट लावायला सांगायचं कसं? दोन चालकांनी सांगितलं की त्यांनी आग्रह धरला म्हणून कंपनीच्या ॲपवर "उद्धट चालक" अशी तक्रार गेली आणि त्यांचा रूट बदलला गेला. एक म्हणाला, "मॅडम लोकांना दोनदा सांगितलं की त्या वर बघतात. तिसऱ्यांदा मी नाही सांगत." रात्री दोन वाजता थकलेल्या माणसाला टोकायचं, आणि टोकल्याची किंमत आपणच मोजायची, हे त्यांना परवडणारं नव्हतं.

कायदा काय म्हणतो

यानंतर शेठ, कंपनी आणि चालक यांची एक बैठक झाली. तिथे कायद्याबद्दल खूप गोंधळ होता, म्हणून हे जरा सविस्तर मांडते.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १३८, पोटनियम ३ सांगतो की ज्या गाडीत बेल्ट दिलेले आहेत तिथे गाडी चालू असताना चालकाने, पुढच्या सीटवरच्या माणसाने आणि समोर तोंड असलेल्या मागच्या आसनांवरच्या माणसांनी बेल्ट लावले आहेत याची खात्री केली जावी. मागच्या सीटचा बेल्ट ऐच्छिक आहे, हा समज इथेच मोडतो. पण खात्री कुणी करायची, हे तो नियम उघड सांगत नाही. ते सांगतं मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ ब. २०१९ च्या दुरुस्तीने ते आलं आणि १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालं. जो बेल्ट न लावता गाडी चालवतो, किंवा बेल्ट न लावलेले प्रवासी घेऊन जातो, त्याला एक हजार रुपये दंड. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांसाठीच्या खास सीटने बांधलेलं नसेल तरी तेवढाच दंड आहे. त्याआधी बेल्टचा गुन्हा किरकोळ गुन्ह्यांच्या कलमात मोडायचा आणि शंभर रुपयांत सुटायचा. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं, म्हणून दोन राज्यांच्या चलनांवरचे आकडे वेगळे दिसू शकतात.

म्हणजे दंड पडतो तो घेऊन जाणाऱ्यावर. प्रवासी झोपलेला असो, रागावलेला असो की नियम ठाऊक नसलेला असो, चलन गाडीच्या नंबरावर निघतं आणि एसएमएस नोंदणीकृत मालकाला जातो. मालक ते चालकाकडे सरकवतो. ज्याने बेल्ट लावला नाही त्याच्यापर्यंत यातलं काहीच पोहोचत नाही.

कंपनीच्या एका अधिकाऱ्याने बैठकीत ठामपणे सांगितलं, "मागच्या सीटचा नियम मुंबईपुरता आहे. ऐरोली पूल ओलांडला की तो लागत नाही." हे मी नवी मुंबईत इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं मूळ शोधून काढावं लागलं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. ते मागच्या सीटवर होते, बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्ट सक्तीचा असल्याचं जाहीर केलं. बातम्यांमध्ये "मुंबईत सक्ती" असं आलं आणि लोकांनी ते शहरापुरतं धरलं. मुंबईने सुरू केली ती कारवाई. नियम केंद्राचा आहे, आणि पुलाच्या मुलुंडच्या टोकाला जेवढा आहे तेवढाच ऐरोलीच्या टोकाला.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात बेल्ट न लावल्यामुळे गेलेल्यांची संख्या १६,७१५ आहे. त्यात चालक ८,३८४ आणि प्रवासी ८,३३१. जवळजवळ निम्मे निम्मे. हा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा शेठ बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

कोणते पर्याय होते

बैठकीला शेठ, कंपनीच्या ट्रान्सपोर्ट विभागाचे प्रमुख, एचआरच्या एक बाई, दोन चालक आणि मी होते. काका आले नव्हते. दात तुटलेली मुलगी फोनवर होती, बोलताना ओठ दुखत होता. ती म्हणाली, "खरं सांगते, बक्कल दिसलं असतं तरी मी त्या रात्री लावलं असतं की नाही, माहीत नाही. पण दिसलंच नाही हेही खरं."

शेठचा पहिला आग्रह कपातीचाच होता. त्यांचं म्हणणं, पैसे गेले की माणूस लक्ष ठेवतो. चालकांपैकी एकाने शांतपणे विचारलं, "मी लक्ष ठेवलं, त्यांनी नाही लावलं, मग काय करू? गाडीतून उतरवू?" यावर कुणाकडे उत्तर नव्हतं, आणि कपात तिथेच मागे पडली. ज्याच्या हातात बेल्ट लावून घेण्याचा अधिकार नाही त्याच्या पगारातून दंड कापल्याने बेल्ट लागत नाही, चालक तेवढा सोडून जातो. कलमाने त्याला जबाबदार धरलंय हे खरं. पण कायद्याने एकदा जबाबदारी टाकली की ती पेलायला लागणारी साधनं मालकाने आणि कंपनीने द्यायची असतात, हे माझं मत मी तिथे स्पष्ट मांडलं.

एचआरचा पर्याय होता सर्क्युलर काढायचं आणि सगळ्यांची सही घ्यायची. तो सोपा होता, म्हणून लगेच मान्य झाला. त्याने कागद तयार होतो, बक्कल वर येत नाही.

गाडीत कॅमेरा बसवायचाही विचार झाला. रात्री घरी जाणाऱ्या मुलींनी झोपलेलं असताना रेकॉर्डिंग नको म्हणून सांगितलं. मला ते पूर्णपणे पटलं. तो विषय पाच मिनिटांत संपला.

उरलं ते दोन गोष्टींवर. सगळी बक्कलं हाताला लागतील अशी करायची, आणि बेल्ट लागल्याशिवाय गाडी न हलवण्याचा अधिकार चालकाला लेखी द्यायचा.

काय केलं

कव्हर काढायची की कापायची, हा पहिला निर्णय. माझं म्हणणं होतं, मागची कव्हरं काढूनच टाका. शेठ तयार नव्हते. तुर्भ्याचा सीट कव्हरवाला म्हणाला, बक्कलाच्या जागी फट कापून कडेने पायपिंग मारतो, एका गाडीला दोन तास. आम्ही ते मान्य केलं. मी मान्य केलं, हे मुद्दाम लिहिते, कारण ते चुकलं. पुढे येईलच.

प्रत्येक पट्ट्याची तपासणी तिथेच केली. ती कुणालाही करता येते. पट्टा हळू पूर्ण बाहेर ओढायचा आणि सोडायचा, तो आपोआप आत गेला पाहिजे. मग एकदम झटका देऊन ओढायचा, तो तिथल्या तिथे अडकला पाहिजे. झटक्याला न अडकणारा पट्टा ब्रेक लागल्यावरही माणसाला धरणार नाही. कडा विसविशीत झालेले आणि कुरतडलेला, असे सहा पट्टे बदलले. डमी क्लिपा गोळा करून शेठच्या टेबलावर ठेवल्या.

दुसरा निर्णय न हलण्याच्या अधिकाराचा. कागदावर हे एका ओळीचं वाटतं. पण रात्री दोन वाजता गाडीत एकच मुलगी उरली असेल आणि तिने बेल्ट काढला, तर चालकाने मुंब्रा बायपासवर किंवा गायमुखच्या अंधारात गाडी उभी करायची का? अजिबात नाही. त्या मुलीला निर्जन जागी थांबवणं हा बेल्टपेक्षा मोठा धोका. यावर जवळजवळ तासभर बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं. गेटवर किंवा घरच्या पिकअपला सगळे बेल्ट लागल्याशिवाय गाडी हलणार नाही, आणि उशीर झाला तर तो चालकाच्या खात्यावर मांडायचा नाही. वाटेत कुणी काढला तर चालकाने एकदाच सांगायचं. नाही ऐकलं तर ट्रान्सपोर्ट डेस्कला फोन करायचा, आणि डेस्कने प्रवाशाला फोन करायचा. वाद चालकाने घालायचा नाही. बेल्टवरून चालकाविरुद्ध आलेली तक्रार ॲपवर वेगळी पाहिली जाईल, तिच्यामुळे रूट बदलणार नाही, हे कंपनीने लेखी दिलं. चालकांना सगळ्यात जास्त दिलासा या एका ओळीने मिळाला.

जुन्या जीपला मागे एकमेकांसमोर तोंड असलेली आडवी बाकं होती. नियम समोर तोंड असलेल्या आसनांबद्दल बोलतो, त्यामुळे शेठचं म्हणणं, "तिला बेल्टच लागू नाही, मग चालू द्या." कायद्याच्या शब्दांत ते बरोबर होतं. पण पन्नासच्या वेगाला एकदम थांबणं म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्याएवढं असतं, आणि आडव्या बाकावरच्या माणसाला धरायला काहीच नाही. जीप माणसांच्या कामातून काढली, आता ती स्टेपनी आणि सामान वाहते.

आणखी एक प्रसंग अनपेक्षित होता. कंपनीतली एक गरोदर मुलगी, सातवा महिना, म्हणाली की घरच्यांनी बेल्ट लावू नको सांगितलंय, बाळाला दाब येतो. नियमात तिला सूट नाही, पण मी तिला नियम ऐकवला नाही. तिला तिच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं. दोन दिवसांनी ती म्हणाली, डॉक्टरांनी लावायलाच सांगितलंय. खालचा पट्टा पोटाच्या खाली, कुल्ल्याच्या हाडांवर टेकेल असा, आणि तिरपा पट्टा पोटाच्या बाजूने छातीच्या मधोमध. मग तिने स्वतः मधल्या रांगेत बसून दुसऱ्या मुलींना तो कसा बसतो ते दाखवलं. माझ्या तासाभराच्या वर्गापेक्षा त्या पाच मिनिटांचा परिणाम जास्त झाला.

चलन शेठनी भरलं. दातांचा खर्च कंपनीचा विमा आणि शेठ यांच्यात वाटला गेला. बाराव्या दिवशी काका परत आले. मी त्यांना गाडीत बसवून अधिकाराचा कागद दाखवला, तर ते म्हणाले, "ताई, हा कागद गेटवरच्या गार्डकडेही द्या. तो हॉर्न वाजवतो मागून, लवकर काढा म्हणून." ते कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कागद गार्डला दिला.

पुढे काय झालं

तीन महिन्यांनंतर गेटवरून सुटणाऱ्या गाड्यांत बेल्ट जवळजवळ सगळे लावतात. गार्ड खिडकीतून नजर टाकतो, चालक मागे वळून पाहतो, मग गाडी हलते. ट्रान्सपोर्ट डेस्कला सुरुवातीला दिवसाला चार-पाच फोन यायचे, आता आठवड्याला एखादा.

पहाटेच्या पिकअपचं मात्र वेगळं. ट्रिपशीटवर बेल्टचा एक रकाना केला होता, प्रत्येक पिकअपला टिक. तीन महिने सगळ्या टिका भरलेल्या. म्हणून मी एकदा पहाटे पाचला कासारवडवलीहून गाडीत बसले. पातलीपाड्याला दोघं चढले, तिसऱ्या रांगेत जाऊन बसले, बेल्ट पाठीमागून घेऊन बक्कलात अडकवले आणि त्यावर टेकून झोपले. चालकाने आरशात पाहिलं, बक्कलं लागलेली दिसली, टिक केली. तो खोटं बोलला नव्हता. त्याला चालकाच्या सीटवरून जे दिसतं तेच त्याने लिहिलं. टिकेचा रकाना आम्ही काढून टाकला. त्याजागी डेस्क कधीतरी अचानक फोन करून पुढच्या प्रवाशाला मागे वळून पाहायला सांगतं. हे पूर्ण जमलेलं नाही.

आणि कव्हरं. कापलेल्या फटींमधून महिनाभर बक्कलं छान वर येत होती. मग माणसं बसून-उठून रेक्झिन सरकलं, फट दोन बोटं बाजूला गेली आणि बक्कल पुन्हा खाली. सात गाड्यांत हे झालं. तेव्हा कुठे शेठनी त्या गाड्यांची मागची कव्हरं काढली आणि धुता येतील अशा सुट्या गाद्यांची सोय केली. उरलेल्या गाड्यांत फटी अजून आहेत, आणि मला त्यांचा भरवसा नाही.

जखमी मुलगी दोन महिन्यांनी कामावर आली. गाडीत बसली की ती आधी सीटच्या फटीत हात घालून बक्कल चाचपते, मग बॅग मांडीवर घेते.

पुन्हा करायचं तर

पहिल्याच दिवशी मागची कव्हरं काढायचा हट्ट धरेन. दोन तासांच्या कापाकापीत पैसे गेलेच, वर दोन महिने सात गाड्यांतली माणसं पुन्हा बिनबेल्टची फिरली.

चालकांशी आधी बोलेन, मालकाशी नंतर. गार्डचा हॉर्न, ॲपवरच्या तक्रारी, आरशातून तिसरी रांग न दिसणं, ही सगळी माहिती त्यांच्याकडे होती. बैठकीला दोन चालक होते ते काठावर बसलेले होते, आणि मी त्यांना पहिल्या अर्ध्या तासात काही विचारलं नाही.

कर्मचाऱ्यांना सर्क्युलर देण्याऐवजी त्यांना गाडीत बसवून एकदा बेल्ट लावायला लावेन. बऱ्याच जणांना तिसऱ्या रांगेचा पट्टा कुठून येतो हेच माहीत नव्हतं. कुणी मानेवर घासतो म्हणून तो बगलेखालून घेत होतं. तसा घेतला तर धक्क्याला तो बरगड्यांवर येतो.

कंपनी आणि पुरवठादार यांच्यातल्या करारात बेल्टबद्दल एक शब्दही नव्हता. गाडीचं मॉडेल, एसी, जीपीएस, अग्निशामक, सगळं होतं. करार नव्याने होतोय, त्यात "प्रत्येक आसनाचा बेल्ट प्रवाशाला बसल्या जागेवरून, काहीही न उचलता लावता आला पाहिजे" हे वाक्य मी सुचवलंय. "काहीही न उचलता" या शब्दांवर शेठची हरकत आहे, बोलणी चालू आहेत.

गाडी क्रमांक अकराच्या तिसऱ्या रांगेतला डावा पट्टा अजून झटक्याला अडकत नाही. सुटा भाग मागवलाय, आला नाही. तोवर काकांनी त्या सीटवर स्टेपनीचा जॅक आणि पाण्याचा कॅन दोरीने बांधून ठेवलाय, म्हणजे तिथे कुणी बसणार नाही.